मी रंगवलेलं बेट

ऑक्टोबर लागला की मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते. हे मी गमतीनं लिहीत नाही. गणपती गेले, पाऊस दमला, नवरात्राचे मांडव सुटले, की ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी हवा एका जागी उभी राहते आणि माझ्या तळपायापासून काहीतरी वर चढायला लागतं. मुलगी विचारते, ‘आई, बीपीची गोळी घेतलीस का?’ घेतलेली असते. गोळीनं बीपी उतरतं, ऑक्टोबर उतरत नाही.

परवा शीळफाट्याला रिक्षात अडकले होते. दुपारचे दोन. पुढे एका ट्रकनं एका गाडीचा आरसा उडवला, एवढंच निमित्त. गाडीवाला उतरला, चांगला इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र; त्यानं ट्रकवाल्याला पाय धरून केबिनमधून खाली ओढलं. ट्रकवाल्यानं सीटखालची टॉमी, चाक खोलायची लोखंडी सळई, काढली. पहिला फटका बॉनेटवर बसला, दुसरा गाडीवाल्याच्या खांद्यावर, आणि त्या दुसऱ्याचा आवाज मला मागे माझ्या सीटपर्यंत ऐकू आला. लोक मोबाईल काढून उभे. माझा रिक्षावाला तंबाखू मळत म्हणाला, ‘सोडा ना मावशी, गर्मी आहे. उद्या दोघांना आठवणार पण नाय.’ मी म्हटलं, ‘ज्याला लागलं त्याला आठवेल.’ तो हसला. मला हसू आलं नाही, कारण मला माझा तो ऑक्टोबर आठवला होता, ज्यात मी कुणावर हात उचलला नाही आणि तरी माझ्यामुळे एका माणसाचा डोळा गेला.

तेव्हा मी खोपटला एसटी डेपोच्या मागे राहायची आणि नौपाड्यात दातारकाकांच्या फ्रेमिंगच्या दुकानात काम करायची. पुढच्या बाजूला देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, कुणाला साठीला मिळालेली मानपत्रं. मागच्या खोलीत खरा धंदा: इंग्रजांच्या काळातले छापील नकाशे. हे नकाशे सुटे फार क्वचित यायचे. जाडजूड चामडी बांधणीच्या पुस्तकांत ते घडी घालून शिवलेले असत. प्रवासवर्णनं, लढायांचे इतिहास, असलं काहीबाही. काका पुस्तक पाटावर उताणं ठेवायचे, दोन्ही पुठ्ठे मागे मोडायचे, कणा कडकन वाजायचा, मग शिवणीत पातं घालून वरपासून खालपर्यंत ओढायचे. या कामाला ते ‘फोडणं’ म्हणत. ‘सुमन, आज दोन फोडायची आहेत गं.’ नकाशे निघाले की उरलेलं पुस्तक रद्दीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. महिन्याभरात मीच पुठ्ठे धरायला लागले.

नकाशा हातात आला की मी आधी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायची. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनं ओरखडून काढलेली रेघ, तिच्यात शाई भरलेली, वर ओला कागद ठेवून सगळं दाबयंत्राखाली चिरडलेलं. त्यामुळे शाई कागदावर उभी राहते आणि बोटाला लागते. चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा वळ उठलेला असतो. आम्ही त्याला वळच म्हणायचो. सह्याद्रीचे डोंगर म्हणजे नुसते ओरखडे, एकावर एक. लढाई झाली तिथे दोन आडव्या तलवारी. ठाण्याचा किल्ला, ज्याचा आता तुरुंग आहे, नखाएवढा. हे नकाशे कुणी हौसेनं काढले नव्हते. तोफा कुठून न्यायच्या, बैलांना पाणी कुठे मिळेल, नदी कुठे उतरता येईल, हे कळावं म्हणून काढले होते. दिवाणखान्यात लावायला घेऊन जाणाऱ्यांना त्यात वळणदार अक्षर दिसायचं, कोपऱ्यातलं नक्षीदार गलबत दिसायचं. मलाही बरीच वर्षं तेवढंच दिसलं.

माझं काम रंगाचं. आमच्याकडे येणारे नकाशे बहुतेक काळे-पांढरे, आणि काळं-पांढरं गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून आधी तुरटीच्या पाण्याचा एक हात द्यायचा, म्हणजे रंग कागदात फुटत नाही, वरच बसतो. मग एकेका तालुक्याला एकेक पातळ रंग, आणि हद्दीवरून त्याच रंगाची जरा गडद किनार. शेजाऱ्याशेजाऱ्यांना एकच रंग येऊ द्यायचा नाही, एवढा नियम. शेवटी चहाच्या पाण्याचा फिका हात फिरवला, की रंग दोनशे वर्षांचा झाला. यात फसवणूक आहे असं आम्हाला वाटत नसे. या धंद्यात सगळेच लावतात. काका म्हणायचे, ‘नवरी तीच, आपण फक्त हळद लावतो.’

आणि मी रंग चांगला लावायची. उगाच विनय कशाला? माझ्या वडिलांनी लहानपणी चित्राची वही फाडून माझ्या तोंडावर मारली होती, तेव्हापासून मी जे काही रंगवलं ते त्यांच्या नाकावर टिच्चून रंगवलं. राग मात्र त्यांचाच घेऊन आले. डोक्यात राख घालून घ्यायला मला कारण लागत नाही. त्यातून ऑक्टोबर. मागच्या खोलीत पंखा लावायचा नाही, कागद उडतात. ब्रशवरचा रंग कागदापर्यंत जाईस्तोवर सुकायचा. खिडकीबाहेर एक कोकिळा नव्हती की पाखरू नव्हतं, होता तो शेजारच्या लाँड्रीतल्या इस्त्रीचा वाफारा. मानेवरून घामाचा थेंब निघाला की तो कुठे जाऊन पडणार याची धास्ती.

पितृपंधरवड्यातली ती दुपार मला मिनिटामिनिटानं आठवते. समोर उल्हास नदीच्या खाडीचा नकाशा होता, ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती फोडल्या होत्या, त्यामुळे हुबेहूब दोन नकाशे निघाले होते. त्यातला एक रंगवायला घेतला होता, दुसरा कोरा कपाटात. खाडीच्या पलीकडच्या, भिवंडीकडच्या तीराला मी गुलाबी दिला होता, अलीकडच्या, डोंबिवलीकडच्या तीराला पिवळा. मध्ये पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढं एक बेट, कोरं सोडलेलं. तेवढ्यात पुढून काकांचा आवाज आला. ते एका गिऱ्हाइकाला मी रंगवलेला दुसरा एक नकाशा दाखवत म्हणत होते, ‘रंगसुद्धा मूळचेच हो. आता असा हात राहिलाय कुणाचा?’ माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझा हात, आणि तो राहिलेला नाही. मी ब्रश रंगात आपटल्यासारखा बुडवला, झटक्यात उचलला, आणि गुलाबीचा टपोरा थेंब त्या बेटावर पडला.

टिपकागद हाताशी होता. टिपला असता तर गेला असता. पण मी रागात होते, आणि रागात असताना माझ्याकडून चूक झाली हे मी मान्य करत नाही, हे माझ्या घरच्यांना विचारा. मी तो थेंब ब्रशनं पसरवला, बेट गुलाबी केलं, भोवती गडद किनार काढली, आणि ती किनार पलीकडच्या तीराच्या किनारीला नेऊन जोडली. आता ते मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं. छानच दिसत होतं. वर चहाचं पाणी फिरवलं आणि घरी गेले.

चार दिवसांनी खाडीपलीकडच्या एका गावचे गुरुजी दुकानात आले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माणसं राहतात अजून. निवृत्त शाळामास्तर, पांढरी टोपी, हातात छत्री. ‘आमची खाडी आहे का हो यात?’ असं विचारत त्यांनी तो नकाशा पाहिला, बोटानं आपलं गाव शोधलं, बेट शोधलं, आणि बेटाच्या किनारीवरून आपल्या तीरापर्यंत बोट ओढत नेलं. गावदेवीच्या मंदिराला नवरात्रात अर्पण करायला म्हणून घेऊन गेले. काचेची चांगली फ्रेम मीच करून दिली.

आता हिराबद्दल सांगते. दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी बसायची ती मासळी घेऊन. अलीकडच्या गावची कोळीण, डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी घर. नवरा कमलाकर खाडीत खुंट ठोकून जाळं लावायचा, ही विकायची. आमची ओळख भांडणातून झाली. मी कोळंबीला नाक मुरडलं, ती म्हणाली, ‘बाय, वास येतंय तं नाक घरी ठेवून ये.’ असं तोंडावर बोलणारं माणूस मला आवडतं. मग बारा वर्षं रोज बोललो. माझ्यासाठी चिंबोऱ्या दोऱ्यानं बांधून वेगळ्या ठेवायची. माझ्या बोटांना रंग, तिच्या बोटांना खवले. ती म्हणायची, ‘तुजा धंदा बरा, वास नाय.’ तिला मी काय करते ते नीट माहीत नव्हतं. नकाशांच्या दुकानात असते, इंग्लिश वाचते, इतकंच.

खाडीत आता मासळी उरलीय कुठे? कारखान्यांनी पाणी मारलं, रेतीवाल्यांनी तळ उपसला. हिरा सांगायची, बेटाच्या बाजूनं जो पाण्याचा पाट जातो त्यात काय ते उरलंय. तिथे दोन्ही गावांचे खुंट लागत. बेट कुणाचं हे कुणी विचारत नव्हतं. कुरबुरी व्हायच्या, शिव्या व्हायच्या, कधी कुणाचं जाळं कापलं जायचं, पण पाटात दोघंही असायचे.

त्या दसऱ्याला दुकानात आम्ही शस्त्रपूजा केली. पातं, कोरण्या, माझे ब्रश, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्याच सकाळी तिकडे भांगाचं, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतानाचं, संथ पाणी साधून कमलाकर आणि त्याच्या गावचे चौघं खुंट ठोकायला गेले होते. पलीकडचे होड्या आडव्या घालून उभे. म्हणाले, बेट आमचं, पाट आमचा, देवळात इंग्रजाचा कागद लागलाय, जाऊन बघा. ठोकलेले खुंट त्यांनी उपटले. वल्ह्यांनी मारामारी झाली. कमलाकरच्या दोन बरगड्यांवर वल्हं बसलं, पलीकडच्या एकाचा दात पडला.

दुसऱ्या दिवशी हिरानं मला मोबाईल दाखवला. कुणीतरी देवळात जाऊन फोटो काढून आणला होता. ‘बाय, तू वाचतंस ना. बग काय लिवलंय त्यात. खरंच त्यांचा हाय काय बेट?’ फोटोत देवीच्या बाजूला भिंतीवर माझा नकाशा, त्याला झेंडूचा हार. मी फोटो मोठा केला. बेट गुलाबी. किनार पलीकडच्या तीराला जोडलेली.

खरं सांगते, आधी मला अभिमान वाटला. दोन गावं, देऊळ, हार, आणि एवढ्या माणसांत एकालाही शंका नाही की हा रंग नौपाड्यातल्या एका बाईनं महिन्याभरापूर्वी लावलाय. हे लिहिताना आज मला स्वतःची किळस येते, पण आलं होतं ते मनात. त्याच्यामागून भीती आली. हिरा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, ‘नावं लिहिलीत गं नुसती. बाकी काही लिहिलेलं नाही.’ हे खोटं नव्हतं. ती म्हणाली, ‘मंग तो रंग कशाला?’ मी म्हटलं, ‘बघते. विचारून सांगते.’

काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ‘सुमन, पावतीवर मी जुना छापील नकाशा असं लिहिलंय. रंगाबद्दल अक्षर नाही. छपाई अस्सल आहे की नाही? आहे. मग? रंग ही सजावट. सजावटीवरून कुणी डोकी फोडत असेल तर तो त्यांचा प्रश्न. तू आता तिथे जाऊन सांगितलंस, की आधी आपलं दुकान फोडतील आणि मग एकमेकांची डोकी फोडायची ती फोडतीलच.’ ते शांतपणे बोलत होते आणि त्यातलं निम्मं खरं होतं. मला घर चालवायचं होतं, मुलगी बारावीला होती. मी मूग गिळून बसले. पाच दिवस. त्या पाच दिवसांत हिरा रोज विचारायची, ‘सांगतंस ना?’ आणि मी रोज सांगायची, ‘अगं, काका गावाला गेलेत.’ काका दहा पावलांवर बसून फ्रेमला खिळे मारत असायचे. त्यांची हातोडी तिला ऐकू येत असणारच.

कोजागरीला उधाणाचं पाणी. त्या दिवशी जाळी लागतात. हिरा आली नाही. गल्लीच्या तोंडाशी नुसती ओली फरशी. मी आत येऊन रंग कालवले, टाकून दिले, पुन्हा कालवले. बारा वाजता तिचा फोन आला. ‘बाय, याला ठाण्याला सरकारीत आनलंय. डोला गेला.’ नंतर कळलं ते असं. पलीकडचे तीस-चाळीस होते, हे वीस. वल्ही, खुंट, कोयते, होडीतले दगड. माणसं कमरेएवढ्या चिखलात रुतून एकमेकांना मारत होती, कारण चिखलात पळता येत नाही. मारणारा पळत नाही आणि मार खाणाराही पळत नाही. एकाचा कान तुटला. एकाला पाण्यात दाबून धरला तो जेमतेम वाचला. कुणीतरी फुटका बांबू फिरवला आणि त्याचं चिरलेलं टोक कमलाकरच्या डाव्या डोळ्यात गेलं. ओढून काढलं ते त्याचं त्यानंच.

फोन ठेवला आणि मी दवाखान्यात गेले नाही. ते नंतर. मी रिक्षा केली आणि भिवंडीच्या बाजूनं पलीकडच्या गावात गेले. वाटेत माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं तरी पत्ता सांगता येईना. राग कुणावर होता? गुरुजींवर होता, काकांवर होता, त्या बांबूवाल्यावर होता. ज्या बाईवर असायला हवा होता तिला मी सोबत घेऊन चालले होते.

मंदिराच्या सभामंडपात त्यांचीही माणसं पडली होती. डोक्यांना फडकी, फडक्यांतून रक्त, बायका पाणी देत होत्या. गुरुजी खांबाला टेकून बसलेले, टोपी हरवलेली. मी चपला काढून आत गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. रंग माझा आहे. इंग्रजानं लावलेला नाही. थेंब पडला, मी पसरवला. बेट कोरं होतं.

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग मुलांना समजावतात तशा आवाजात म्हणाले, ‘बाई, तुम्हाला डोंबिवलीकडच्यांनी पाठवलंय. त्यात तुमचा दोष नाही.’ मी म्हटलं, ‘पाणी आणा. पुसून दाखवते.’ कुणी हललं नाही. मी भिंतीवरून फ्रेम काढायला गेले, दोघांनी मला धरलं, ओढाओढीत फ्रेम खाली आली आणि काच फुटली. मी गुडघ्यांवर बसले, अंगठ्याला थुंकी लावली आणि बेट घासलं. तुरटीवरचा रंग तो, लगेच सुटला. गुलाबी माझ्या अंगठ्यावर आला आणि बेट कोरं झालं. पण काचेनं अंगठा कापला होता, त्यामुळे कोऱ्या बेटावर लगेच लाल लागलं. मी अंगठा वर धरून सगळ्यांना दाखवत होते. वेडी दिसत असणार.

एक तरुण पुढे आला, त्यानं खिशातून मोबाईल काढला. ‘मॅडम, तुमी आता पुसलाय. आधी गुलाबी होता, याचा फोटो हाय. गावात सगल्यांकडं हाय.’ आणि मग एक बाई उठली, माझ्याच वयाची. तिनं माझे केस धरले. ती मला ओढत मंडपाच्या पायऱ्यांपर्यंत घेऊन गेली, आणि ओढताना एकच बोलत होती, ‘माज्या पोराची टालू फुटली या बेटासाठी. आनि तू सांगतंस ते खोटं?’ पायरीवर तिनं मला तीनदा मारलं, पाठीत, मानेवर, तोंडावर. मी हात आडवा घातला नाही. तिचं बरोबर होतं. पोराची टाळू खऱ्या बेटासाठी फुटली असती तर तिला ते कसंतरी सोसता आलं असतं. ते तेवढंही मी तिच्याकडून काढून घ्यायला गेले होते.

आता मी डोंबिवलीला राहते आणि शाळेतल्या मुलींना चित्रकलेच्या परीक्षांसाठी शिकवते. हल्ली कुठल्याही नव्या हॉटेलात गेलं की भिंतभर जुना नकाशा मोठा करून लावलेला असतो, आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मी जवळ जाऊन रंग बघते. कुणी लावला असेल, कधी, काय मनात होतं, भांडून आली होती का. कोरणाऱ्यानं निदान डोळे ताणून, पत्रा उलटा वाचत, रेघ न् रेघ मोजून कोरलं होतं. ज्यानं बेट कोरलं त्यानं मोजणीच्या साखळ्या टाकून ते मोजणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला. मी तर वीस मिनिटांवर राहत होते. बारा वर्षं त्या खाडीची मासळी खाल्ली आणि एकदाही जाऊन ते बेट बघितलं नव्हतं. रागापेक्षा मला याचीच जास्त लाज वाटते.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मी दवाखान्यात पोचले. केस विस्कटलेले, गाल सुजलेला, अंगठ्याला रुमाल. कमलाकर खाटेवर बसून होता, अर्ध्या डोक्याला पट्टी. उरलेला डोळाही सुजून बारीक झाला होता. हिरा त्याला चमच्यानं पेज भरवत होती. माझा अवतार बघून ती म्हणाली, ‘तुला कोनी मारला?’ मी स्टुलावर बसले आणि तिथेही सगळं सांगितलं. थेंब सांगितला. काका गावाला गेले नव्हते तेही सांगितलं. पाच दिवस सांगितले. ती माझ्या थोबाडीत मारेल म्हणून मी गाल पुढे करून बसल्यासारखी बसले होते. मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं चमचा वाटीत ठेवला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मग कमलाकर बोलला, हळू, कारण बरगड्या दुखत होत्या. ‘म्हंजे तो रंग तुजा.’

‘हो.’

‘म्हंजे तू लावलंस तं कुठं पन लागतंय.’

मला कळेना काय म्हणतोय. त्यानं उरलेला डोळा माझ्यावर रोखला. ‘मंग आमचा एक कर. पिवला लाव बेटाला. आमच्या देवलात लावू. तसाच जुना दिसला पायजे.’

मी हिराकडे बघितलं. मला वाटलं ती त्याला गप्प करेल. पण तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं काहीतरी बरं आलं होतं. तिनं माझा कापलेला हात आपल्या हातात घेतला. ‘करशील ना, बाय? तुला येतंय ते. याचा डोला काय परत येनार नाय. पन पाट तरी राहील. पोरांना काय खायाला घालू?’

मला येत होतं. कपाटात दुसरा नकाशा कोरा पडला होता, त्याच पुस्तकाच्या जोडीचा. तुरटीचं पाणी, पिवळा, चहा. दोन तासांचं काम. आणि मग पुढच्या उधाणाला दोन देवळांतले दोन कागद घेऊन शंभर माणसं त्याच चिखलात उतरणार होती. मला त्या पायरीवरच्या बाईचा हात केसांत अजून जाणवत होता. मी म्हटलं, ‘नाही हिरा. हे नाही करणार मी. दुसरं काय सांगशील ते करते. पोलिसांत सांगते, कोर्टात येऊन सांगते की रंग माझा होता.’

‘कोर्टात,’ ती म्हणाली. तिनं माझा हात सोडला, पटकन नाही, खाटेच्या कडेवर नेऊन ठेवला.

‘त्याना न मागता दिलंस,’ ती म्हणाली. ‘आमी मागताव, तं नाय.’

मग तिनं वाटी उचलली, पाठ फिरवून नवऱ्याकडे तोंड केलं, आणि खाटेभोवतीचा हिरवा पडदा माझ्या बाजूनं ओढून घेतला.